माशाचे रक्त आणि जातीचे रक्त

"त्यांच्या रक्तातच असतं ते." हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. कुणाच्या हुशारीबद्दल, कुणाच्या धंद्याबद्दल, कुणाच्या तथाकथित गुन्हेगारीबद्दल. जातव्यवस्थेला विज्ञान कधी लागले नाही, पण 'रक्त' हा शब्द मात्र कायम लागला. म्हणून आमचे म्हणणे आहे की वस्तीतल्या अभ्यासिकेत, विहारातल्या रविवारच्या वर्गात रक्ताचा एक धडा शिकवलाच पाहिजे. तोही माणसाच्या नव्हे, अंटार्क्टिकातल्या माशाच्या रक्ताचा.

अंटार्क्टिकाभोवतीचे समुद्राचे पाणी खारे असल्यामुळे सुमारे उणे १.९ अंश सेल्सिअसला गोठते. बहुतेक समुद्री माशांचे रक्त मात्र उणे १ अंश गाठण्याआधीच गोठू लागते. म्हणजे त्या पाण्यात मासा जगायलाच नको. तरी तिथे मासे आहेत. आर्थर डेव्हरीज यांनी १९६० च्या दशकात याचे कारण शोधले. या माशांच्या रक्तात साखर जोडलेली प्रथिने असतात. ती बर्फाच्या सूक्ष्म स्फटिकाला चिकटतात आणि त्याला वाढू देत नाहीत.

ही प्रथिने आली कुठून? १९९७ मध्ये चेन, डेव्हरीज आणि चेंग यांनी दाखवले की अन्न पचवणाऱ्या स्वादुपिंडातल्या एका जनुकापासून हे नवे जनुक घडले. जुन्या जनुकाची प्रत झाली, तिच्यातला एक छोटा तुकडा पुन्हापुन्हा जोडला गेला, आणि पचनाच्या जनुकाचे वंशज बर्फ रोखू लागले. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, आर्क्टिकमधल्या कॉड माशात जवळपास तसेच प्रथिन आहे, पण त्याचा उगम पूर्ण वेगळा. कुणी मुखातून निघाला आणि कुणी पायातून, म्हणून त्याचे काम कायमचे ठरले, असे सांगणाऱ्यांनी हा धडा जरूर वाचावा.

मात्र हा धडा शिकवताना तीन चुका होतात आणि त्या आपल्याला महागात पडतात.

पहिली चूक 'साठी' या शब्दाची. "थंडीत जगण्यासाठी माशांनी प्रथिने तयार केली" असे आपण सहज बोलतो. माशांनी काही ठरवले नव्हते. जनुकांत बदल आपोआप होत राहिले. ज्यांच्यात उपयोगी बदल होता ते जगले, त्यांची पिल्ले वाढली, बाकीचे मेले. यात हेतू नाही, नियंता नाही. कारण आहे आणि परिणाम आहे. प्रतीत्यसमुत्पाद शिकलेल्या मुलांना हे समजायला अवघड जाऊ नये.

दुसरी चूक म्हणजे जे टिकले ते उपयोगीच असणार असे मानणे. अंटार्क्टिकातल्या हिममाशांच्या सुमारे १६ जातींच्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही. रक्त पाण्यासारखे. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो म्हणून ते निभावतात, पण त्यासाठी मोठे हृदय आणि जास्त रक्त सांभाळावे लागते. हिमोग्लोबिन जाण्यात फायदा होता असे सिद्ध झालेले नाही. ते गेले आणि मासे कसेबसे तगले. मग "जात हजारो वर्षे टिकली, म्हणजे तिचा काहीतरी उपयोग असेलच" म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यायचे, हे आमच्या पोरांना कळायला हवे.

तिसरी चूक सगळ्यात घातक. तिचे नाव 'सवय'. गटारात उतरणाऱ्या माणसाबद्दल लोक बिनदिक्कत म्हणतात, "त्यांना सवय असते." माशांना बदलायला लाखो वर्षे लागली आणि त्या वाटेवर असंख्य मासे मेले. गटारातला हायड्रोजन सल्फाइड माणसाच्या पेशींना प्राणवायू वापरू देत नाही. त्याला जात कळत नाही आणि त्याची सवयही होत नाही. २०१३ चा कायदा असूनही माणसे आत उतरवली जातात आणि गुदमरून मरतात. हे अनुकूलन नव्हे, ही हत्या आहे.

कुणी म्हणेल, माशावरून समाजाचे नियम कसे काढता? आम्ही काढत नाही. समता निसर्गातून मिळत नाही, ती माणसांनी लढून संविधानात आणली. आम्ही एवढेच म्हणतो की विषमतेला विज्ञानाचा खोटा टेकू लावू देऊ नका. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये रक्तशुद्धीच्या दाव्याची चिरफाड केली, ती याच कारणासाठी.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगा. रक्तहीन माशाची माहिती योहान रूड या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाला प्रथम दिली ती देवमासे सोलणाऱ्या कामगारांनी. त्याला ती थट्टा वाटली. पुढे अनेक वर्षांनी तो स्वतः दक्षिण जॉर्जियाला गेला, रक्त तपासले आणि १९५४ मध्ये शोधनिबंध लिहिला. ज्ञान हाताने काम करणाऱ्यांकडे आधी होते. विद्यापीठाला ते उशिरा पटले.

आता शाळेकडे पाहा. जानेवारी २०१८ मध्ये केंद्रातल्या शिक्षण राज्यमंत्र्यांनी आपल्याच औरंगाबादेत डार्विन चुकीचा असल्याचे जाहीर केले. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळल्याचे समोर आले. १८०० हून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी जाहीर पत्र लिहून विरोध केला. बारावीला जीवशास्त्र घेणाऱ्याला उत्क्रांती मिळेल, असे उत्तर मिळते. पण दहावीनंतर ज्यांची शाळा सुटते ती मुले कुणाची? आयटीआयला आणि मजुरीला जाणारी मुले कुणाची?

संविधानाचे कलम ५१-क (ज) वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगते. सरकार ते पाळत नसेल तर आपण पाळू. येत्या रविवारी वर्गात एका वाटीत साधे पाणी आणि दुसरीत मिठाचे पाणी बर्फाच्या कप्प्यात ठेवून आणा. आधी काय गोठते ते मुलांना पाहू द्या. मग मासा सांगा, मग जनुक सांगा. शेवटी विचारा, "रक्तात काय असतं?"

उत्तर मुलांनाच देऊ द्या.

जय भीम!