आधी ऐका, मग ॲप करा



गेल्या दोन वर्षांत माझ्याकडे निदान सात-आठ पोरं एकच कल्पना घेऊन आली. इंजिनिअरिंग झालेली, पुण्या-मुंबईत नोकरी करणारी, काहींची नोकरी नुकतीच गेलेली. "दादा, आपल्या समाजातल्या मुलांसाठी शिक्षणाचं ॲप करायचंय." मी एवढंच विचारतो, किती मुलांशी बोललास? उत्तर ठरलेलं. "बोलायचं काय त्यात? गरज तर आहेच ना!"

मला राग येतो तो इथे. आपल्याला न विचारता आपलं भलं ठरवण्याची सवय या देशात कुणाची आहे, हे आपण दर जयंतीला भाषणात सांगतो. आणि हातात लॅपटॉप आला की वस्तीतल्या पोरांच्या बाबतीत आपणही तेच करतो.

यातल्याच एकाने सहा महिने खपून राज्यसेवेच्या तयारीचं ॲप केलं. त्यासाठी आईच्या बचत गटातून चाळीस हजार उचलले. विहाराच्या अभ्यासिकेत दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या, "भारी आहे भाऊ" झालं. महिन्याचे ५० रुपये मागितले तेव्हा दोघांनी दिले. त्यातला एक त्याचा मावसभाऊ. बचत गटाचा हप्ता मात्र आई दर महिन्याला भरत होती.

मग आम्ही दोघं सलग काही रविवार अभ्यासिकेत नुसते बसलो. ॲपचं नावसुद्धा काढायचं नाही, असं ठरवून. "असं ॲप आलं तर घ्याल का?" हा प्रश्नच फसवा आहे. आपला माणूस आपल्या पोराला तोंडावर नाही म्हणत नाही. विचारायचं ते घडून गेलेलं. काल काय वाचलंस? कुठे अडलास? मग काय केलंस? गेल्या महिन्यात अभ्यासावर पैसे कशात गेले?

जे कानावर आलं त्याने आमचे डोळे उघडले. व्हिडिओ आणि नोट्स टेलिग्रामवर ढिगाने फुकट मिळतात, म्हणजे आमच्या पोराने सहा महिने जे बनवलं त्याची टंचाईच नव्हती. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. उत्तरं लिहायची, पण ती तपासून देणार कोण? एक मुलगी आपल्या उत्तरांचे फोटो एका सीनियरला पाठवायची आणि आठ-आठ दिवस वाट बघायची. फोन भावाचा, तिच्या हाती रात्री नऊनंतर. तिचे पैसे जात होते झेरॉक्सवाल्याकडे. हे कुठल्या सर्व्हेच्या फॉर्ममध्ये आलं असतं?

आता त्याने ॲप बाजूला ठेवलंय. उत्तराचा फोटो व्हॉट्सॲपवर घ्यायचा, मुख्य परीक्षा दिलेल्या कुणाकडून तरी दोन दिवसांत तपासून द्यायचा, एका उत्तराचे २० रुपये. हिशेब वहीत. पहिल्या महिन्यात अकरा जणांनी पैसे दिले. वही अपुरी पडेल तेव्हा सॉफ्टवेअर लिहू म्हणतो. त्याच्या आईचा हप्ता अजून यातून सुटत नाही, हेही सांगून टाकतो.

"गरिबांच्या पोरांकडून पैसे घेता?" असं आमच्याच एका कार्यकर्त्याने सुनावलं. देणगीवर चालवा म्हणे. देणगीवर चालणारं काम देणगीदाराचं ऐकतं. वीस रुपये देणारी पोरगी दुसऱ्या दिवशी जाब विचारते. मला तो जाब हवा आहे.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला आल्यावर बाबासाहेबांनी शेअर-व्यवहाराचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळलं आणि गिऱ्हाईकं गळाली. सल्ल्यात खोट नव्हती. धंद्याच्या पुस्तकांत "ग्राहकाचं ऐका" लिहिलेलं असतं, ग्राहक आपलं आडनाव ऐकतो त्याचं काय, ते लिहिलेलं नसतं. म्हणून सुरुवात तिथून करा, जिथे लोक तुमच्याशी मोकळं बोलतात. आपल्यापुरतंच राहायचं असा याचा अर्थ नाही. अकरांतले तीन जण दुसऱ्या समाजाचे आहेत, त्यांना उत्तर वेळेवर मिळतं एवढंच हवंय.

आणि भांडवल नाही म्हणून रडू नका. बायजूसची किंमत २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर धरली जात होती. २०२४ च्या जुलैत ती कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. पैसा कमी पडला नव्हता.

मागच्या रविवारी ती मुलगी पुन्हा भेटली. म्हणाली, "उत्तर वेळेत येतं दादा, पण तपासणाऱ्याचं अक्षरच लागत नाही." आमचा पोरगा वाद न घालता वहीत लिहून घेत होता.