हार्टचा लंच ब्रेक

ऑफिसात आपल्याला लंच ब्रेक असतो ना, तसा हार्टलाही असतो. फक्त सेकंदाहून छोटा! हार्ट आकुंचन पावतं तेव्हा सगळ्या बॉडीला रक्त पाठवतं. पण त्याच्या स्वतःच्या स्नायूंना रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत.

मोठा अटॅक आला, बीपी कोसळलं, की हा ब्रेकच उपाशी जातो. अर्जंट बायपास ठरलेली, पण ओटीत जाईपर्यंत हार्टने तग तर धरायला हवा. अशा वेळी रात्री दोन वाजता डॉक्टर फॉर्म पुढे करतात, 'बलून पंप टाकतोय, सही करा.' आणि नातेवाईकांना वाटतं, अँजिओप्लास्टीचा बलून तो हाच.

नाही हो. तो ब्लॉक उघडतो. हा ब्लॉकला हातही लावत नाही. जांघेतल्या धमनीतून तो छातीतल्या महाधमनीपर्यंत सरकवतात. हार्ट विसावलं की हा फुगतो आणि रक्त मागे, हार्टच्या धमन्यांकडे ढकलतो. पुढचा ठोका पडायच्या क्षणी झटकन रिकामा होतो, म्हणजे हार्टला जोर कमी लावावा लागतो. आत हवा नसते, हेलियम असतो. हलका वायू, नळीतून सुसाट ये-जा करतो. टायमिंग बहुधा ईसीजीवरून. ते चुकलं तर मदत राहिली बाजूला, उलट ओझंच.

पेशंटवर तो पहिल्यांदा वापरला १९६७ मध्ये, ब्रुकलिनला, डॉ. एड्रियन कँट्रोविट्झ यांनी. त्यांचा मोठा भाऊ आर्थर फिजिसिस्ट. लहानपणी दोघांनी जुन्या रेडिओच्या पार्ट्समधून ईसीजी मशीन बनवलं होतं. (आपण त्या वयात रेडिओ फक्त बिघडवला.)

मग बलून टाकला की पेशंट वाचलाच? इथे जरा थांबा. २०१२ मध्ये जर्मनीत सहाशे पेशंट्सची ट्रायल झाली. अटॅकनंतर शॉकमध्ये गेलेले पेशंट; बलून लावलेल्यांत महिन्याभरात ३९.७ टक्के दगावले, न लावलेल्यांत ४१.३. म्हणजे फरक जवळपास नाहीच. पण त्यातल्या बहुतेकांची अँजिओप्लास्टी झाली होती, त्यामुळे बायपासवाल्यांचा निकाल त्यावरून लावता येत नाही. सर्जन म्हणूनच पेशंट बघून ठरवतात, आणि मला ते पटतं.

नवा भिडू म्हणजे इम्पेला, थेट हार्टच्या डाव्या कप्प्यात बसणारा चिमुकला पंप. २०२४ च्या डॅनगर ट्रायलमध्ये मोठ्या अटॅकच्या निवडक शॉक पेशंट्समध्ये सहा महिन्यांतले मृत्यू ५८.५ वरून ४५.८ टक्क्यांवर आले. बदल्यात ब्लीडिंग वाढलं, पायाचा रक्तपुरवठा अडण्याचे प्रकार वाढले, डायलिसिसही जास्त जणांना लागलं.

पायाचा धोका बलूनमध्येही असतोच. म्हणून सही करताना दोन प्रश्न बिनधास्त विचारा : कुठल्या पायातून टाकणार, आणि साधारण कधी काढणार? तो पाय पेशंटने वाकवायचा नसतो. सिस्टर अधूनमधून येऊन त्याच पायाची बोटं गार पडलीत का, ते हात लावून बघतात. बघू द्या त्यांना.