शोध आणि शाहिरी

दरवर्षी 12 जानेवारीला, जिजाऊंच्या जयंतीनिमित्त, बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथे मोठा जनसमुदाय लोटतो आणि लखुजीराव जाधवांच्या राजवाड्यातील जन्मस्थानासमोर नतमस्तक होतो. परंतु मोती तलाव, चांदणी तलाव, शिल्पमंडित पुतळा बारव आणि लखुजीरावांची समाधी स्वस्थपणे पाहणे त्या गर्दीत कठीणच असते. ही उणीव भरून काढण्यास जिओकॅशिंग हा खेळ उपयोगी पडू शकेल. एखाद्या ठिकाणी डबी लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि इतरांनी उपग्रहाधारित दिशादर्शनाने ती शोधून आतील वहीत नोंद करायची, असे त्याचे स्वरूप असून, मे 2000 मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएस संकेतांतील हेतुपुरस्सर ठेवलेली अचूकतेची मर्यादा हटवताच तो ऑरेगन राज्यात सुरू झाला.

तिकडे अमेरिकेत या खेळाच्या मेळाव्याला कंट्री म्युझिक, म्हणजे ग्रामीण लोकगीतांतून घडलेले संगीत, शोभते. सिंदखेड राजाला डफ-तुणतुण्यावरचा पोवाडाच शोभेल. खेळाचे स्वरूपही येथे बदलावे लागेल: प्राचीन वास्तूंच्या दगडी सांध्यांत डबी खुपसणे वा जमीन उकरणे सर्वस्वी अयोग्य असल्याने, स्थळाच्या निरीक्षणातूनच उत्तर मिळेल असा डबीविरहित प्रकार येथे स्वीकारावा. याच जिल्ह्यातील, उल्काघाताने बेसाल्ट खडकात निर्माण झालेल्या आणि 2020 मध्ये रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत आलेल्या लोणार सरोवरालाही तोच लागू पडतो. वारशाचे जतन आणि वारशाची ओळख यांची सांगड स्थानिक तरुणांच्या पुढाकाराने घातली गेल्यास, जयंतीच्या दिवसापुरता येणारा पाहुणा वर्षभर येऊ लागेल.