पाच टक्क्यांच्या परताव्याचे गणित

अमेरिकेत दर तीन महिन्यांनी क्रेडिट कार्डांचे एक वेळापत्रक बदलते. वर्षाच्या पहिल्या तिमाहीत किराणा मालाच्या खरेदीवर पाच टक्के रक्कम परत मिळत असेल, तर एप्रिलपासून ही सवलत पेट्रोलपंपांकडे वळते, जुलैत उपाहारगृहांकडे जाते आणि नाताळच्या हंगामात बहुधा ऑनलाइन दुकानांच्या वाट्याला येते. उरलेल्या बहुतेक खरेदीवर परतावा मिळतो तो एकच टक्का. 'डिस्कव्हर इट' आणि 'चेस फ्रीडम फ्लेक्स' ही या पद्धतीची दोन सर्वपरिचित कार्डे. त्यांना वार्षिक शुल्क नसते, त्यामुळे नोकरीनिमित्त अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या पाकिटांतही ती आढळतात. कोणत्या तिमाहीत कोणते कार्ड पुढे करायचे, याची टिपणे ठेवणारी घरेही कमी नाहीत.

या योजनेचा पुरेपूर लाभ कसा घ्यावा, हा प्रश्न वरवर घरगुती काटकसरीचा वाटतो. पण जी बँक दुकानदाराकडून दोन-तीन टक्क्यांहून अधिक वसूल करू शकत नाही, ती ग्राहकाला पाच टक्के कोठून देते, असा प्रश्न विचारला की विषयाचे स्वरूप बदलते. लाभ नेमका किती, तो कोणाला मिळतो आणि त्याची किंमत कोण चुकवतो, हे तिन्ही हिशेब एकत्र मांडल्याशिवाय या पाच टक्क्यांचा अर्थ लागत नाही.

मर्यादेतील लाभ

प्रथम लाभाचा हिशेब. या कार्डांवरील पाच टक्के परताव्याला तिमाहीत १५०० डॉलरच्या खरेदीची मर्यादा असते. म्हणजे एका तिमाहीत जास्तीत जास्त ७५ डॉलर आणि चारही तिमाहींत मर्यादा पूर्ण गाठली तर वर्षाला ३०० डॉलर. ही रक्कम टाकून देण्याजोगी नाही; परंतु तिची तुलना शून्याशी करणे चुकीचे ठरेल. कोणत्याही खरेदीवर सरसकट दोन टक्के देणारी कार्डे अमेरिकेत सहज मिळतात. 'सिटी डबल कॅश' हे कार्ड २०१४ मध्ये आले, तेव्हापासून हा दर जणू प्रमाण मानला जातो. त्या कार्डावर त्याच १५०० डॉलरच्या खरेदीला ३० डॉलर मिळाले असते. म्हणजेच फिरत्या वर्गवारीचा खरा जादा लाभ तिमाहीला ४५ डॉलर, वर्षाला फार तर १८० डॉलर.

तोही मर्यादा पूर्ण वापरली तरच. एखादे कुटुंब त्या तिमाहीच्या वर्गात महिन्याला ३०० डॉलर खर्च करते, असे समजू. तीन महिन्यांच्या ९०० डॉलरवर त्याला ४५ डॉलर मिळतील. दोन टक्क्यांच्या कार्डावर १८ मिळाले असते. जादा लाभ २७ डॉलरचा. आता हेच कुटुंब सवयीने आपला इतर खर्चही, समजा महिन्याला १००० डॉलर, त्याच कार्डावर करीत राहिले तर त्या रकमेवर दोनऐवजी एकच टक्का पदरात पडतो. तीन महिन्यांत ३० डॉलर हातचे जातात आणि मिळविलेले २७ डॉलर त्यात बुडतात. पाच टक्क्यांचे कार्ड फक्त त्या तिमाहीच्या वर्गापुरते आणि बाकी सर्व खर्चासाठी दोन टक्क्यांचे कार्ड, ही विभागणी न पाळणाऱ्याला या योजनेचा फायदा होत नाही. अनेकदा तोटाच होतो.

अटींचे जाळे

दुसरी गोष्ट अटींची. पाच टक्क्यांचा दर आपोआप लागू होत नाही. प्रत्येक तिमाहीत ग्राहकाने संकेतस्थळावर किंवा मोबाईलवर जाऊन तो स्वतः सुरू करून घ्यावा लागतो. काही योजनांत मुदतीच्या आत नोंद केली की तिमाहीच्या आरंभापासूनची खरेदी धरली जाते, काहींत नोंदणीनंतरचीच. जो विसरला त्याला एक टक्का. ही अट केवळ कार्यालयीन सोपस्कार म्हणून ठेवलेली नाही. किती ग्राहक विसरतील यावर योजनेचा खर्च अवलंबून असतो.

खरेदी कोणत्या वर्गात पडते, हे पिशवीत काय आहे त्यावरून ठरत नाही. दुकानाला दिलेल्या चार अंकी संकेतांकावरून ठरते. वॉलमार्ट किंवा टार्गेटमधून तांदूळ, दूध, भाजी घेतली तरी ती बहुधा किराणा वर्गात धरली जात नाही, कारण अटींमध्येच अशी महादुकाने वगळलेली असतात. घाऊक भावाने विकणाऱ्या क्लबच्या आवारातील पेट्रोलपंपही अनेकदा पेट्रोलपंप म्हणून नोंदलेला नसतो. कॉस्टकोची अमेरिकेतील दुकाने २०१६ पासून फक्त व्हिसाची क्रेडिट कार्डे घेतात. तेथे डिस्कव्हर किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यावरील फ्रीडम फ्लेक्स चालतच नाही. भारतीय किराणा दुकानाची नोंद कोणत्या संकेतांकाखाली आहे, हे तर पहिल्या खरेदीनंतर कार्डाच्या हिशेबात पाहूनच कळते. त्यामुळे मोठी खरेदी करण्यापूर्वी लहान खरेदी करून पाहणे शहाणपणाचे ठरते.

पेट्रोलचे उदाहरण आणखी बोलके आहे. न्यू जर्सीसारख्या राज्यात अनेक पंपांवर रोखीचा आणि कार्डाचा असे दोन भाव लावलेले असतात. रोखीने गॅलनला तीन डॉलर आणि कार्डाने तीन डॉलर दहा सेंट असा भाव धरला, तर पाच टक्के परतावा वजा जाता कार्डाचा भाव सुमारे दोन डॉलर चौऱ्याण्णव सेंट पडतो. म्हणजे कार्ड फायद्याचे. पण तिमाही पालटून दर एक टक्क्यावर आला की तोच भाव तीन डॉलर सात सेंट होतो आणि रोखीपेक्षा महाग पडतो. दोन टक्क्यांच्या कार्डानेही येथे नुकसानच होते. दरफलक न वाचता कार्ड पुढे करण्याची सवय लागावी, हाच अशा योजनांमागील व्यापारी हेतू असतो.

पैसा येतो कोठून?

रोख परताव्याची कल्पना जुनी आहे. सिअर्स या किरकोळ व्यापारातील बलाढ्य कंपनीने १९८० च्या दशकाच्या मध्यावर डिस्कव्हर कार्ड बाजारात आणले, तेव्हा वार्षिक शुल्क नाही आणि खरेदीतील काही अंश परत, ही दोन आश्वासने देऊनच ते रुजविले. पुढे मालकी बदलत गेली आणि मे २०२५ मध्ये डिस्कव्हर कंपनी कॅपिटल वन या बँकेच्या ताब्यात गेली. परताव्यामागचे अर्थकारण मात्र फारसे बदललेले नाही.

ग्राहक कार्डाने १०० डॉलरची खरेदी करतो तेव्हा दुकानदाराच्या खात्यात साधारण ९७ ते ९८ डॉलर जमा होतात. उरलेल्या रकमेचा मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. त्यालाच इंटरचेंज शुल्क म्हणतात. एक-दोन टक्क्यांचा परतावा या शुल्कातून निघू शकतो, पाच टक्क्यांचा नाही. ही तूट बँक तीन मार्गांनी भरून काढते. मर्यादा आणि विसराळूपणा यांमुळे प्रत्यक्ष खर्च आटोक्यात राहतो. पाच टक्क्यांसाठी घेतलेले कार्ड एक टक्क्याच्या खरेदीलाही वापरले जाते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काही ग्राहक महिन्याचे बिल पूर्ण भरत नाहीत.

अमेरिकेत क्रेडिट कार्डांवरील सरासरी व्याजदर २०२३ मध्ये २० टक्क्यांच्या वर गेला. त्याच वर्षी कार्डांवरील एकूण थकबाकीने एक लाख कोटी डॉलरचा टप्पा प्रथमच ओलांडल्याचे न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने जाहीर केले. २००० डॉलर थकले आणि व्याज वर्षाला २१ टक्के असेल, तर महिन्याला ३५ डॉलर व्याज लागते, तिमाहीत १०५. म्हणजे ७५ डॉलरचा कमाल परतावा मिळवूनही ग्राहक ३० डॉलरने खाली येतो. ज्याची थकबाकी आहे त्याने परताव्याचा विचारच करू नये. त्याच्यासाठी कमी व्याजाचे कार्ड किंवा थकबाकी फेडणे हाच सर्वांत मोठा लाभ.

कोणाच्या खिशातून?

याहून गंभीर प्रश्न समाजातील वाटपाचा आहे. दुकानदार कार्डाचे शुल्क आपल्या खर्चात धरतो आणि वस्तूंच्या किमती त्यानुसार ठरवतो. या किमती रोखीने खरेदी करणाऱ्यालाही द्याव्या लागतात. परतावा मात्र त्याला मिळत नाही. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये या व्यवहाराचे मोजमाप केले. रोखीने व्यवहार करणाऱ्या सरासरी कुटुंबाच्या खिशातून वर्षाला १४९ डॉलर जातात आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाला वर्षाला ११३३ डॉलर मिळतात, असा त्यांचा अंदाज होता. फेडरल रिझर्व्ह व आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतील अर्थतज्ज्ञांचा सहभाग असलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासाने कार्डधारकांमध्येच डोकावून पाहिले. आर्थिक व्यवहारांत जाणकार असलेले ग्राहक बक्षिसे मिळवतात आणि त्यांची किंमत कमी जाणकार ग्राहक व्याजाच्या रूपाने चुकवतात. अशा रीतीने वर्षाला सुमारे १५ अब्ज डॉलर एका गटाकडून दुसऱ्याकडे जातात, असा त्याचा निष्कर्ष होता. पैसा जातो तो कमी शिकलेल्यांकडून अधिक शिकलेल्यांकडे, गरीब वस्त्यांतून श्रीमंत वस्त्यांकडे.

हे थांबविण्याचे उपाय आहेत, पण त्यांचीही किंमत आहे. युरोपीय संघाने २०१५ मध्ये क्रेडिट कार्डांवरील इंटरचेंज शुल्काला ०.३ टक्क्याची मर्यादा घातली. ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने २००३ मध्येच असे पाऊल उचलले होते. तेथे कार्डांवरील बक्षिसे आक्रसली. अमेरिकेने २०१० च्या कायद्यान्वये मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डांवरील शुल्काला लगाम घातला, क्रेडिट कार्डांना मात्र हात लावला नाही. म्हणूनच पाच टक्क्यांच्या जाहिराती तेथे अद्याप फुलतात.

आपल्याकडील धडा

भारतात तिमाहीगणिक फिरणारी वर्गवारी रुळलेली नाही; परंतु तत्त्व ओळखीचे आहे. दिवाळीतील दहा टक्के तत्काळ सूट, ठराविक संकेतस्थळांवरील पाच टक्के, महिन्याची कमाल मर्यादा, भाडे आणि पाकिटभरणा वगळणाऱ्या अटी ही सारी त्याच घराण्यातील आहेत. देशातील क्रेडिट कार्डांची संख्या २०२४ च्या आरंभी दहा कोटींच्या पुढे गेली. शहरी मध्यमवर्गात परताव्याची चर्चा वाढली ती त्याबरोबरच.

फरक आहे तो व्याजाचा, आणि तो ग्राहकाच्या विरोधात जाणारा आहे. आपल्याकडे महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के, हा दर सर्रास दिसतो. ३० टक्क्यांहून अधिक व्याज अनुचित ठरविणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ मधील निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. त्यामुळे दराच्या बाबतीत बँकांच्या स्वेच्छेला मोठा वाव उरला आहे. पाच टक्क्यांचा परतावा अवघ्या दीड महिन्याच्या व्याजात संपतो, हे गणित प्रत्येक कार्डधारकाने बिलाच्या मागे लिहून ठेवावे असे आहे. दुसरीकडे, यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारांवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. तेथे मोठी बक्षिसे नाहीत, पण कोपऱ्यावरील दुकानदाराच्या नफ्यातून कोणाचा परतावाही निघत नाही.

तेव्हा अशा कार्डाचा अधिकाधिक लाभ घेण्याची पद्धत फारशी गुंतागुंतीची नाही. बिल दरमहा पूर्ण आणि आपोआप भरले जाईल अशी व्यवस्था करावी. तिमाहीच्या पहिल्याच दिवशी नवा वर्ग सुरू करून घ्यावा. घरात एरवीही होणारा खर्च तेवढाच त्या कार्डावर न्यावा, मर्यादा गाठली की ते बाजूला ठेवावे आणि व्यवहार नोंदला जाण्यास दिवस लागतात हे ओळखून तिमाहीच्या अखेरच्या तारखेवर मोठी खरेदी ढकलू नये. परताव्यासाठी म्हणून केलेल्या १०० डॉलरच्या अनावश्यक खरेदीत पाच डॉलर मिळत नाहीत, ९५ जातात.

इतकी शिस्त पाळणाऱ्याला वर्षाला दीड-दोनशे डॉलर मिळतील. ते घेण्यात गैर काही नाही. मात्र तो पैसा बँकेच्या औदार्यातून आलेला नसून शेजारच्या रांगेत रोख मोजणाऱ्याकडून आणि किमान रक्कम भरून महिना ढकलणाऱ्याकडून आलेला आहे, ही जाणीव असणे आवश्यक आहे. आज परतावा घेणारे घर आजारपणात किंवा नोकरी गेल्यावर एक बिल पूर्ण भरू शकले नाही, की दुसऱ्या रांगेत जाऊन उभे राहते. बँकेचा हिशेब दोन्ही वेळा जुळलेला असतो.