पांढरी ज्वारी, पिवळी ज्वारी

सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ हे गाव भाकरी खाणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. रब्बी ज्वारीचे ‘एम ३५-१’ हे प्रसिद्ध वाण १९३०च्या दशकात याच ठिकाणी स्थानिक मालदांडीतून निवडले गेले. त्याचा दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा. भाकरीची गोडी नंतर कळते; बाजारात भाव आधी डोळे ठरवतात. खरिपाची ज्वारी कणसात असताना पावसात सापडली की बुरशीने काळी पडते. म्हणून पांढरा दाणा तो निरोगी दाणा, असे गिऱ्हाईक धरून चालते.

आता अशी कल्पना करा, की मूठभर दाण्यांचा फोटो काढून तो दूरच्या व्यापाऱ्याला फोनवरून पाठवायचा आहे. दुपारी अंगणात काढला तर दाणा पांढरा दिसेल. दिवस मावळताना काढला तर पिवळसर, आणि घरातल्या पिवळ्या दिव्याखाली काढला तर चक्क केशरी झाक मारील. पोते तेच, दाणेही तेच. मग व्यापाऱ्याने यातला कोणता फोटो खरा मानावा? माझे मत विचाराल तर एकही नाही! शेजारी ओळखीची पांढरी वस्तू ठेवलेली नसेल, तर फोटोतला रंग हा पुरावा नव्हे.

असे का व्हावे? प्रकाशाचा रंग केल्विन या एककात सांगतात. मेणबत्तीचा प्रकाश सुमारे १,९०० केल्विन, तारेच्या दिव्याचा २,८००, भर दुपारच्या उन्हाचा ५,५००च्या आसपास, तर निरभ्र आकाशाखालच्या सावलीचा ७,०००च्याही वर. आकडा वाढेल तसा प्रकाश निळसर होतो. (गंमत अशी, की ज्याचा आकडा कमी त्या प्रकाशाला आपण ‘उबदार’ म्हणतो!) एवढा फरक असूनही वहीचा कागद आपल्याला सगळीकडे पांढराच दिसतो, कारण डोळे आणि मेंदू मिळून प्रकाशाचा रंग वजा करत असतात. ही वजाबाकी आपल्या नकळत चालते.

कॅमेऱ्याला मात्र ती शिकवावी लागते. फोनमधल्या संवेदकावर लाल, हिरव्या व निळ्या गाळण्यांची बारीक जाळी असते. ब्राइस बायर यांनी आखलेल्या आणि १९७६ साली पेटंट मिळालेल्या रचनेत निम्म्या गाळण्या हिरव्या असतात, कारण आपली दृष्टी त्या भागात अधिक तीक्ष्ण आहे. पुढे फोनमधला कार्यक्रम अंदाज बांधतो, की या दृश्यात पांढरे काय असावे? चौकट भरून नुसती वाळलेली कडबी असेल, तर तो बिचारा कशावरून ओळखणार?

शिवाय रंग शेजाऱ्यावरही अवलंबून असतो. फ्रान्समध्ये गोब्लँ येथील विणकामाच्या कारखान्यात शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ रंगविभागाचे प्रमुख होते. काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासाअंती रंग निर्दोष निघाला; दोष होता शेजारच्या धाग्यांच्या रंगांचा. १८३९ साली त्यांनी यावर ग्रंथच लिहिला. सोलापुरी चादर घरात असेल तर तिच्या निरनिराळ्या पट्ट्यांवर तेच दाणे ठेवून पाहा.

इथवर चुकीचा भाग झाला. मला अधिक खटकते ती हेतुपूर्वक केलेली रंगफिरवणी. ‘एक्स्ट्रॅक्शन’ या २०२०च्या चित्रपटात ढाक्यावर असा पिवळा रंग चढवला आहे, की नद्यांच्या, हिरव्यागार बांगलादेशाची ती राजधानी आहे हे पटू नये. त्यावर टीकाही झाली. आपल्याकडे हाच प्रयोग सीना नदीकाठच्या शिवारावर करून पाहा. चित्र पिवळे केले की दुष्काळ दिसतो, निळे केले की पहाटेचा गारवा. खाली एकही खोटा शब्द लिहावा लागत नाही. आणि सोलापूर म्हटले की दुष्काळ, हे ऐकून ऐकून आपल्या मनात इतके ठसले आहे, की पिवळे चित्र आपण अधिक लवकर खरे मानतो.

याचा अर्थ प्रत्येक रंगाला एक ठरलेली भावना चिकटलेली असते, असा मात्र नव्हे. लाल रंगाने भूक लागते, निळ्याने मन शांत होते, अशी ठाम विधाने पुष्कळ वाचायला मिळतात. त्यांच्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. युरोपात नवरी पांढरे नेसते, आपल्याकडे पांढरे वस्त्र दुःखाशी जोडले गेले. हिरवा चुडा पाहून मराठी माणसाला जे वाटते, ते परक्याला वाटणार नाही.

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. प्रयोगाच्या एका तासाला तीच मूठभर ज्वारी तीन प्रकाशांत टिपा, एकदा वहीच्या कोऱ्या कागदासह व एकदा त्यावाचून. धान्य एकच आहे हे वर्गाला सांगू नका. प्रत्येकाला आधी नुसत्या दाण्यांच्या फोटोंखाली भाव लिहू द्या, मग कागदासहित फोटो दाखवा. कागदात पुष्कळदा निळसर चमक देणारे द्रव्य घातलेले असते, त्यामुळे तोही अगदी निर्दोष साक्षीदार नाही. म्हणून सूक्ष्म कामासाठी छायाचित्रकार करडे कार्ड वापरतात. ज्वारीच्या भावापुरता मात्र वहीचा कागद पुरे आहे.