रोहित आले म्हणजे खाडी स्वच्छ झाली?

दर हिवाळ्यात ठाणे खाडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरले की कळवा-विटाव्यापासून ऐरोलीपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर गुलाबी थव्यांची छायाचित्रे फिरू लागतात. सोबत एक वाक्य हमखास असते, 'खाडी सुधारली, म्हणून पक्षी आले.' २०१५ मध्ये खाडीच्या १,६९० हेक्टर क्षेत्राला अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाल्यापासून तर या वाक्याला सरकारी वजन आले आहे. पण रामसरचा दर्जा जागेच्या महत्त्वाचा असतो, तो पाण्याच्या तपासणीचा दाखला नव्हे.

लहान रोहिताचे मुख्य खाद्य नीलहरित शेवाळ. नायट्रोजन आणि फॉस्फरस मुबलक असलेल्या पाण्यात ते फोफावते, आणि आपल्या खाडीत ही द्रव्ये येतात ती मोठ्या प्रमाणात नाल्यांतून, सांडपाण्याबरोबर. म्हणजे पक्ष्यांचे ताट काही अंशी आपल्याच मैल्याने भरते. त्यात कळव्याजवळ खाडी चिंचोळी होते, त्यामुळे मुखाशी जसे पाणी खेळते तसे इथे खेळत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांची भर वेगळीच.

काठावरून दुर्बीण लावणाऱ्याला याने काही होत नाही. ओहोटीला पक्षी चिखलावर पसरतात, लेन्स अपुरी पडते, आणि 'अजून दहा पावलं' म्हणत माणूस तिवरांमधून आत शिरतो, तेव्हा प्रश्न सुरू होतो. तिवरांची टोकदार श्वासमुळे, कालवांची धारदार कवचे आणि फुटक्या बाटल्या तिथे पायाची वाटच पाहत असतात. या छंदात निवृत्त मंडळी बरीच, आणि त्या वयात मधुमेहही घरोघरी. पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला कापल्याचे कळते ते घरी मोजे काढताना.

कोमट, मचूळ पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जिवाणू राहतात. त्यांतल्या एका प्रकाराचा जखमेतला संसर्ग क्वचित होतो, पण यकृताचा जुना आजार किंवा अनियंत्रित मधुमेह असेल तर तो काही तासांत पाय सुजवून, फोड आणून जिवावर उठू शकतो. याउलट दुसरा एक जिवाणू काही आठवड्यांनी त्वचेवर न बरी होणारी गाठ आणतो. तोवर रुग्ण खाडीला विसरलेला असतो. म्हणून डॉक्टरांना 'पायाला लागलं' एवढेच सांगू नका, 'खाडीच्या चिखलात लागलं' असे सांगा. प्रतिजैविकाची निवड त्यावर बदलते. त्याआधी जखम वाहत्या नळाखाली साबणाने भरपूर धुवा. हळद, टूथपेस्ट काही लावू नका. घाणेरड्या जखमेसाठी धनुर्वाताचा शेवटचा डोस पाच वर्षांहून जुना असेल तर नवा घ्यावा लागतो.

लोक विचारतात मात्र लेप्टोबद्दल. त्याचे जंतू खाऱ्या पाण्यात फार टिकत नाहीत, आणि रोहितांचा मोसम बराचसा कोरडा असतो. लेप्टोचा खरा धोका पावसाळ्यात, नाल्याकाठच्या साचलेल्या गोड्या पाण्यात. तिथे उतरावे लागलेच तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्यावी.

कांदळवनात कोल्हे दिसतात, आणि त्यांचे छायाचित्र मिळणे हा मोठा मान समजला जातो. २०२४ मध्ये मुंबईत कोल्ह्यांमध्ये रेबीज आढळला होता. जवळ येणारा, न घाबरणारा कोल्हा म्हणजे 'माणसाळलेला' नव्हे. चावा किंवा ओरखडा झाल्यास त्याच दिवशी लस, आणि गरजेप्रमाणे इम्युनोग्लोब्युलिन. मेलेला पक्षी चांगल्या फोटोसाठी उचलून सरळ करणारेही मी पाहिले आहेत. जानेवारी २०२१ मध्ये ठाण्यातल्या मृत पक्ष्यांत बर्ड फ्लू निघाला होता. हात न लावता वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवावे.

जवळून छायाचित्र हवे असेल तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटी सुटतात. पाय कोरडे राहतात आणि चरणारे पक्षीही उठत नाहीत. प्रदूषण नियंत्रण मंडळ खाडीच्या पाण्याचे नमुने तपासते. त्यातला मैल्यातील जिवाणूंचा ताजा आकडा तिथेच, तिकीट खिडकीशेजारी, मराठीत लावायला फारसा खर्च येणार नाही.