विश्लेषण : धावत्या ट्रेलरमध्ये घरचा फ्रिज जागेवर कसा राहणार?

अमेरिकेत सुट्टीला निघताना गाडीमागे छोटे घरच जोडून नेण्याची पद्धत जुनी आहे. पलंग, ओटा, न्हाणीघर असे सारे असलेल्या या ‘ट्रॅव्हल ट्रेलर’मध्ये आता खास बनावटीच्या फ्रिजऐवजी दुकानातला साधा घरगुती फ्रिज बसवण्याकडे अनेकांचा कल आहे. तो मोठा असतो, बहुधा स्वस्त पडतो आणि लवकर थंड होतो. पण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे न हलता उभी राहण्यासाठी बनवलेली वस्तू ताशी ९० किमी वेगाने धावणाऱ्या घरात कशी टिकणार? हा प्रश्न चार स्क्रूंवर सोडून देण्याइतका किरकोळ नाही.

जुना फ्रिज नकोसा का झाला?

ट्रेलरमधले पारंपरिक फ्रिज ‘अवशोषण’ तत्त्वावर चालतात. स्वीडनमधील बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये हे तंत्र विकसित केले. त्यात कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांचे मिश्रण उष्णतेने फिरते. ही उष्णता प्रोपेन गॅसच्या ज्योतीतून मिळत असल्याने वीज नसलेल्या रानातही फ्रिज चालतो. मात्र तो सपाट जागीच नीट चालतो, थंड व्हायला बरेच तास घेतो आणि कडक उन्हाळ्यात कमी पडतो. या प्रकारच्या काही फ्रिजना आगीच्या धोक्यामुळे अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर दुरुस्तीसाठी परत बोलवावे लागले होते. त्यामुळे तो काढून घरगुती फ्रिज बसवणाऱ्यांना दोष देता येणार नाही. चूक होते ती पुढे, तो जखडताना.

धोका नेमका किती?

साधा हिशेब करू. सुमारे ५०० लिटरचा फ्रिज सामानासह १०० किलोच्या आसपास जातो असे धरू. उंची १७० सेंमी, रुंदी ७० सेंमी आणि वजनाचा मध्य साधारण अर्ध्या उंचीवर. असा फ्रिज मोकळा उभा असेल, तर त्याच्या वजनाच्या सुमारे ४० टक्के जोर आडवा लागला की तो कलंडू लागतो. बऱ्याच ट्रेलरमध्ये फ्रिजचे तोंड मधल्या वाटेकडे असते, म्हणजे ब्रेकचा धक्का त्याला नेमका बाजूने बसतो. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला तर ४० टक्क्यांपेक्षा जास्त जोर सहज येतो. त्यासाठी अपघात व्हावा लागत नाही, रस्त्यावर हरीण आडवे आले तरी पुरे.

अमेरिकेच्या अनेक राज्यांत धावत्या ट्रेलरमध्ये माणसांना बसता येत नाही, हे नशीबच. तरीही सुटलेला फ्रिज गॅसच्या शेगडीवर, नळांवर किंवा पातळ भिंतीवर आदळतो. तो पडला नाही, नुसता रोज थोडा थोडा हलत राहिला, तरी मागच्या नळ्यांच्या जोडांना ताण बसून शीतक वायू गळू शकतो.

ट्रकला नियम, मग घराला का नाही?

यातली विसंगती पाहा. हाच फ्रिज खोक्यात बंद होऊन व्यावसायिक ट्रकमधून दुकानात जातो, तेव्हा अमेरिकेचा केंद्रीय नियम त्याला लागू होतो. माल असा बांधलेला हवा की पुढच्या दिशेने वजनाच्या ८० टक्के, मागच्या दिशेने ५० टक्के आणि बाजूने ५० टक्के जोर सहन झाला पाहिजे. म्हणजे आपल्या १०० किलोच्या फ्रिजसाठी अनुक्रमे ८०, ५० आणि ५० किलो. तोच फ्रिज कुटुंबाच्या सहलीच्या ट्रेलरमध्ये गेला की हा नियम लागू होत नाही. मालकाने सुट्टीच्या दिवशी स्वतः बदललेला फ्रिज कसा बसवला आहे, हे सहसा कोणी तपासतही नाही.

आमच्या मते ट्रकचा हा नियमच घरच्या कामासाठी किमान कसोटी मानायला हवा. नवा कायदा येईपर्यंत थांबण्याची त्यासाठी गरज नाही. अर्थात ही कसोटी ब्रेक आणि वळणांपुरती आहे. समोरासमोर धडक झाली तर जोर वजनाच्या दहापट धरला तरी एक टन होतो. तिथे घरगुती बांधणी पुरी पडेल असे कोणी समजू नये.

फ्रिज पकडायचा कुठे?

पहिला नियम : फ्रिजच्या अंगावर नवे भोक पाडू नये. आजच्या अनेक फ्रिजमध्ये उष्णता बाहेर टाकणारी नळी बाजूच्या पत्र्याच्या आतून फिरवलेली असते, बाहेरून ती दिसत नाही. बऱ्याच नव्या फ्रिजमध्ये ‘आर-६००ए’ म्हणजे आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो. एक चुकीचा स्क्रू फ्रिज कायमचा निकामी करतो आणि बंद जागेत आगीला निमंत्रण देतो. म्हणून पकड घ्यायची ती खालच्या पायांच्या चौकटीवर किंवा कंपनीनेच दिलेल्या स्क्रूच्या जागी.

दुसरा नियम : पकड खाली आणि वर, दोन्हीकडे हवी. खाली लोखंडी अँगल बोल्टने जमिनीला जोडावेत. पण नुसत्या प्लायवूडला नव्हे, तर त्याखालच्या सांगाड्याला. प्लायवूडमधले स्क्रू खडखडाटाने हळूहळू सैल होतात. आपोआप न सुटणारे, आत नायलॉनचे कडे असलेले नट वापरावेत. भोक पाडण्याआधी खाली वायर, पाण्याची नळी किंवा टाकी नाही ना, हे पाहावे. उलटणे थांबते ते मात्र वरच्या पकडीने. म्हणून भिंतीच्या सांगाड्यात बसवलेली आडवी पट्टी माथ्यावर हवी आणि दोन्ही बाजूंना रबर लावलेली लाकडी चौकट हवी. नुसता पट्टा आवळून भागवू नये. जास्त आवळला तर पत्रा वाकतो आणि दाराचे रबर नीट बसत नाही.

तिसरा नियम : हवेसाठी कंपनीने सांगितलेली मोकळी जागा सोडावी. घट्ट बसवण्याच्या नादात फ्रिज चहूबाजूंनी कोंडला, तर तो तापतो आणि विजेचा खर्च वाढतो.

दार, गॅस आणि वीज यांचे काय?

घरगुती फ्रिजचे दार केवळ चुंबकाच्या पट्टीने बंद राहते. एका वळणात दुधाचा कॅन दार उघडून बाहेर येतो. दाराला वेगळी कडी किंवा पट्टा हवाच. जड वस्तू खालच्या कप्प्यात ठेवाव्यात, दारात काचेच्या बाटल्या नकोत.

जुन्या फ्रिजची प्रोपेनची नळी जाणकार तंत्रज्ञाकडून कायमची बंद करून गळती तपासून घ्यावी. इथे हातोटीचा प्रयोग नको. घरगुती फ्रिज गॅसवर चालत नाही, म्हणून प्रवासात बॅटरी आणि इन्व्हर्टर लागतो. त्यांचे वजनही ट्रेलरच्या भारक्षमतेत धरावे लागते आणि जड बॅटऱ्याही फ्रिजइतक्याच पक्क्या बांधाव्या लागतात.

काम झाल्यावर बोल्टवर रंगाची एक रेघ मारावी. पहिल्या २० किलोमीटरनंतर आणि मग रोज निघण्यापूर्वी ती रेघ जुळते का, ते पाहावे. रेघ सरकली असेल तर बोल्ट सैल झाला.

आपल्याशी संबंध काय?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आपल्याकडे मागे जोडण्याच्या ट्रेलरपेक्षा व्हॅन किंवा बसचेच चालते घर करण्याकडे ओढा आहे. अशा गाडीत प्रवासी फ्रिजपासून हातभर अंतरावर बसलेले असतात, त्यात मुले आणि आजी-आजोबाही असतात. शिवाय घाटातली वळणे आणि अचानक येणारे गतिरोधक आहेतच. अमेरिकेत ज्या चुकीने सामानाचे नुकसान होते, त्याच चुकीने इथे माणूस जखमी होईल.

म्हणून गाडी भाड्याने घेणाऱ्याने गादी, एसी, पडदे पाहण्याआधी फ्रिजला हात लावून तो हलवून पाहावा. गाडी बनवून घेणाऱ्याने फ्रिज कुठे, कशाला आणि किती बोल्टने जोडला आहे, हे बिलासोबत लेखी मागावे. ज्या कारागिराने काम नीट केले आहे, त्याला ते लिहून द्यायला पाच मिनिटेही लागणार नाहीत.